मुतखड्याची कळ, उलट्या आणि पोटात न टिकणारी गोळी

देवगडच्या एका ताईंनी विचारलं आहे: "भाऊ ३६ वर्षांचा, ट्रॉलरवर तांडेल. आठ दिवसांत तीनदा उजव्या कुशीत जोराची कळ आली. सोनोग्राफीत उजव्या मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाला ६ मिमीचा खडा निघाला. दवाखान्यात इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात शांत होतो. घरी गोळी घेतली की दहा मिनिटांत उलटून पडते. घरात कुठली औषधं ठेवावीत? दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात, ते खरं का? आणि त्याने बोटीवर जावं का?"

ताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगितली आहे: गोळी दहा मिनिटांत उलटून पडते. भावाला लिहून दिलेलं औषध बहुधा बरोबरच असणार. ते पोटात राहतच नाही, तर काम कुठून करणार? अठ्ठावीस वर्षं या तालुक्यात दवाखाना चालवतोय. मुतखड्याच्या बाबतीत बहुतेकांचं गणित इथेच फसतं. गोळी कुठली चांगली यावर घरात, शेजारात, एसटीत चर्चा होते. ती कुठल्या वाटेने आणि कधी द्यायची, हे कोणी विचारत नाही.

मे महिना आला, हापूसची काढणी जोरात असली की माझ्या बाकावर हे पेशंट दिसायला लागतात. दिवसभर बागेत उन्हात, अंगातून घामाच्या धारा, आणि पोटात पाणी जेमतेम तांब्याभर. दारातून आत येतानाच ओळखू येतात. अपेंडिक्सचा पेशंट निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखतं. मुतखड्याचा पेशंट एका जागी ठरतच नाही. बसतो, उठतो, भिंतीला डोकं टेकतो, ओणवा होतो, परत येरझाऱ्या. एक हात कमरेवर, दुसरा तोंडावर. मी काही विचारायला लागलो की ठरलेलं उत्तर येतं: "डाक्टरानू, पयली सुई मारा, मगे काय इचारूचा ता इचारा." आणि त्याचं म्हणणं योग्यच असतं. निदान जवळजवळ नक्की असेल तर तपासण्यांसाठी माणसाला तळमळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

आता हे दुखतं कशामुळे, ते आधी समजून घ्या, म्हणजे औषधाचं पुढचं सगळं सोपं जाईल. खडा आतून टोचतो, ओरखडे काढतो म्हणून दुखतं असा सगळ्यांचा समज आहे. खरी कळ तुंबण्याची असते. मूत्रवाहिनी म्हणजे २५ ते ३० सेंटिमीटर लांबीची, आतून जेमतेम ३-४ मिमीची नळी. तिच्यात तीन अरुंद जागा: एक किडनीतून बाहेर पडतानाची, एक कमरेच्या मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडतानाची आणि शेवटची मूत्राशयात शिरतानाची. रिपोर्टात 'व्हीयूजे' असं लिहिलं असेल तर ती ही शेवटची. खडा तिथे अडकला की वर लघवी तुंबते, किडनी फुगते, तिच्यावरचं आवरण ताणलं जातं. रिपोर्टातलं 'माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस' म्हणजे हीच थोडी सूज. ते वाचून घाबरू नका.

पुढची गंमत अशी की किडनी या तुंबण्यावर स्वतःच तेल ओतते. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे किडनीत रक्त जास्त येतं, रक्त जास्त आलं की लघवी जास्त बनते, आणि दाब आणखी चढतो. खाली बांध घातलेल्या व्हाळात वरून अजून पाणी सोडावं, तसं. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची औषधं ही रसायनं बनणंच थांबवतात. म्हणजे दाब उतरतो, सूज उतरते, म्हणून कळ उतरते. 'इंजेक्शनने दुखणं नुसतं दाबून टाकलं' असं लोक म्हणतात, ते या औषधाच्या बाबतीत खरं नाही. बधीर करणाऱ्या जातीचं हे औषध नव्हे.

म्हणूनच मुतखड्याच्या कळेवर पहिलं औषध म्हणून जगभर याच गटाला मान आहे. कतारमध्ये १,६०० हून जास्त रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आली. डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूत, पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून आणि मॉर्फिन शिरेतून, अशी तिघांची तुलना होती. अर्ध्या तासात दुखणं निम्म्यावर आलेले रुग्ण डायक्लोफेनॅकच्या गटात ६८ टक्के, पॅरासिटामॉलच्या गटात ६६ आणि मॉर्फिनच्या गटात ६१ टक्के होते. साधं तापाचं औषध म्हणून आपण ज्याला हिणवतो, ते पॅरासिटामॉल शिरेतून दिलं तर किती पुढे जातं ते बघा. ज्यांना डायक्लोफेनॅक चालत नाही त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे, आणि सलाइन लावण्याची सोय असलेल्या कुठल्याही छोट्या दवाखान्यात ते देता येतं.

आता उलटी. किडनी आणि जठर यांच्या नसा पोटातल्या एकाच जाळ्यातून जातात. किडनी ओरडली की जठराला वाटतं आपल्यालाच काही झालं. त्यामुळे मुतखड्यात कळ आधी येते आणि मळमळ मागोमाग. हा क्रम लक्षात ठेवा. आधी उलट्या-जुलाब आणि मग पोटात दुखणं असेल तर वेगळा विचार करावा लागतो. दुसरं असं की कळ थांबली की बहुतेकांची उलटी आपोआप थांबते. उलटीचं औषध हा मदतनीस आहे. पण ज्याची गोळी पोटात टिकत नाही त्याच्यासाठी हा मदतनीस आधी यायला हवा.

भावाच्या डॉक्टरांना विचारून घरी अशी सोय करा. कळ सुरू होतेय असं वाटलं, म्हणजे कमरेत ती ओळखीची खेच जाणवली, की जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉन ४ मिलिग्रॅमची गोळी. पाकिटावर नावापुढे 'एमडी' असतं ती. पाणी लागत नाही. पण ती जिभेवर विरघळते म्हणून जिभेतूनच रक्तात जाते असं नाही. थुंकीबरोबर गिळली जाते आणि काम करायला साधारण अर्धा तास घेते. तेवढा वेळ द्या. तोवर पेला भरून पाणी पाजू नका, एखादा घोट पुरे. मग दोन-चार चमचे पेज किंवा आटवल, आणि त्यावर दुखण्याची गोळी.

ती गोळीसुद्धा कुठली, याला महत्त्व आहे. एकदा भावाची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. 'एसआर' लिहिलेली १०० मिलिग्रॅमची गोळी हळूहळू दिवसभर सुटण्यासाठी बनवलेली असते. गुडघेदुखीला ठीक, कळ उठलेली असताना निरुपयोगी. 'डायक्लोफेनॅक सोडियम'च्या साध्या गोळीला बहुधा जठरात न विरघळणारा थर असतो. ती आतड्यात उतरल्यावरच उघडते, म्हणजे कधी दोन तासही जातात. तोपर्यंत ती अख्खीच्या अख्खी बाहेर येते आणि घरचे म्हणतात, गोळी तशीच पडली! 'डायक्लोफेनॅक पोटॅशियम' ५० मिलिग्रॅम लवकर काम सुरू करते. नावात एका शब्दाचा फरक, पण रात्री दोन वाजता तोच फरक कामी येतो.

आणि उलट्या थांबतच नसतील तर तोंडाची वाट सोडून द्यायची. दुसरी वाट गुदद्वाराची. डायक्लोफेनॅकची १०० मिलिग्रॅमची सपोझिटरी मिळते. हा शब्द काढला की आमच्याकडे समोरचा माणूस माझ्याकडे बघायचं सोडून खिडकीबाहेरच्या माडाकडे बघायला लागतो. बाईमाणूस असेल तर विषयच संपला. इंजेक्शनसाठी रात्री बारा किलोमीटर रिक्षा करून येतील, पण हे नको. मी मात्र आडवाडीतल्या लोकांना आग्रहाने लिहून देतो. उलटीशी तिचा संबंध नाही, सुई नाही, माणूस स्वतःच्या हाताने ठेवू शकतो, आणि अर्ध्या-पाऊण तासात उतार पडायला लागतो. ठेवण्याआधी पाण्याने ओली करायची, कुशीवर झोपून बोटाच्या पहिल्या-दुसऱ्या पेरापर्यंत आत सारायची आणि दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. कोकणातल्या उन्हाळ्यात ती घरातल्या फडताळात पाघळते. फ्रीजच्या दारात ठेवा. वीज गेली आणि मऊ पडली तर वेष्टनासकट थंड पाण्यात दहा मिनिटं धरा, पुन्हा घट्ट होते.

तिसरी वाट इंजेक्शनची, ती दवाखान्यातच. स्नायूतलं डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅमचं. गावात कोणीतरी 'सुई मारता येते' म्हणून बोलावलं जातं, ते करू नका. कुल्ल्यात चुकीच्या जागी दिलेल्या या इंजेक्शनने गळू झालेली, कातडी काळी पडलेली माणसं मी पाहिली आहेत. जाता जाता सांगतो: पूर्वी दवाखान्यात याची ३० मिलीची मोठी बाटली असायची. तीच गुरांना टोचली जायची, आणि ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं किडनी निकामी होऊन मरायची. जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली, आणि माणसांची मोठी बाटली गुरांकडे वळू नये म्हणून २०१५ मध्ये एका वेळेपुरत्या ३ मिलीचं बंधन आलं. गिधाडांची किडनी गेली म्हणून आपलीही जाईल, असं एका पेशंटने मला पेपरातलं कात्रण दाखवून सुनावलं होतं. गिधाडाच्या शरीराला हे औषध वेळेत बाहेर टाकता येत नाही, आपल्याला येतं. पण त्याची भीती अगदीच खोटी नव्हती, त्यावर येतो.

या तीन वाटा मिळून दिवसाची एकच मर्यादा आहे: डायक्लोफेनॅक १५० मिलिग्रॅम. सकाळी दवाखान्यात ७५ चं इंजेक्शन झालं असेल तर उरले ७५. त्यात १०० ची सपोझिटरी बसत नाही, ५० ची एक गोळी बसते. घराघरात गोंधळ होतो तो इथे. गेल्या वर्षी एका घरातल्या सूनबाईंनी प्लास्टिकची पिशवी माझ्या टेबलावर ओतली. चार पट्ट्या, चार रंग, चार नावं. एकीत अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, दुसरीत डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, तिसरीत मेफेनॅमिक अॅसिड आणि डायसायक्लोमिन, चौथी नुसती पॅरासिटामॉल. सासऱ्यांनी दिवसभरात प्रत्येकीतली दोन-दोन घेतली होती, 'ही नाही लागू पडली तर ती'. म्हणजे एकाच गटातली तीन औषधं एकावर एक, आणि पॅरासिटामॉल तीन दारांनी. पोटातून काळी शी होऊन ते आले होते. पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीचं असतं; औषध त्याच्याखाली बारीक अक्षरात असतं. तेच वाचायचं. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक, नेप्रॉक्सेन ही सगळी एका घरातली भावंडं; एका वेळी त्यातलं एकच. सोबत पॅरासिटामॉल चालतं, दिवसाला जास्तीत जास्त ४ ग्रॅम, आणि माणूस हडकुळा असेल किंवा रोज दारू घेणारा असेल तर त्याहून बरंच कमी.

आता किडनीचा प्रश्न. छत्तिशीतला माणूस, दोन्ही किडन्या शाबूत, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी) ठीक, अंगात पाणी ठीक, तर तीन ते पाच दिवसांच्या डायक्लोफेनॅकने किडनी जात नाही. मी तर अशा पेशंटला पहिले काही दिवस कळ नसतानाही जेवणानंतर ५० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा घ्यायला सांगतो, कारण त्याने कळ पुन्हा उठण्याचं प्रमाण कमी होतं. पण काहींच्या बाबतीत मी हे औषध हातातच घेत नाही. एकच किडनी असलेला माणूस. आधीपासून क्रिएटिनिन वाढलेला मधुमेही. अल्सरचा इतिहास, हार्ट अटॅक किंवा स्टेंट झालेला, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारा, दुखण्याच्या गोळीने दमा उसळणारा. गरोदर बाई, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर. आणि आमच्याकडे हमखास भेटणारा: ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन घेणारा, त्यातच लघवी होण्याचं औषध मिसळलेलं, वर उलट्यांनी कोरडा पडलेला साठीचा माणूस. प्रेशरची ती दोन औषधं आणि डायक्लोफेनॅक हे त्रिकूट किडनीचा रक्तपुरवठा सगळीकडून आवळतं. अशांना शिरेतून पॅरासिटामॉल, आणि न भागल्यास ट्रॅमाडॉल.

ट्रॅमाडॉलविषयी थोडं. ते स्वतःच मळमळ वाढवतं, फिट येणाऱ्याला आणि डिप्रेशनच्या काही गोळ्या घेणाऱ्याला देत नाहीत, आणि २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आल्याने चिठ्ठीशिवाय मिळायला नको. शिवाय ऑन्डान्सेट्रॉन सोबत दिलं की ट्रॅमाडॉलचा दुखणं थांबवण्याचा जोर थोडा कमी होतो. म्हणून उलटी आणि कळ दोन्ही असलेल्या पेशंटसाठी हे माझं तिसऱ्या नंबरचं औषध आहे. काही मेडिकलवाले 'स्ट्राँग गोळी' म्हणून ते पहिलं काढून देतात, घेऊ नका.

'पोटातल्या मुरड्याची गोळी' म्हणून डायसायक्लोमिन, हायोसिन, ड्रोटाव्हेरिन सर्रास दिली जातात. कल्पना पटण्यासारखी आहे: नळी आवळली आहे, तर ती सैल करा. मीही पहिली दहा-बारा वर्षं प्रत्येक पेशंटला डायक्लोफेनॅकसोबत हे टोचत होतो. पण नीट चाचण्यांत डायक्लोफेनॅकच्या जोडीला हायोसिन दिल्याने फारसा जास्तीचा आराम पडलेला दिसत नाही, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना तर मुतखड्याच्या कळेसाठी ही औषधं देऊच नका असं सांगतात. तोंड कोरडं, डोळ्यांपुढे धूसर, आणि प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवीच अडकते. मी सोडली.

उलटीच्या औषधांत ऑन्डान्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं, थोडं डोकं दुखतं, आणि हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार असेल तर आधी ईसीजी बघावा लागतो. डोमपेरिडोनलाही ठोक्यांचीच काळजी. मेटोक्लोप्रमाइड स्वस्त आणि गुणी आहे, पण तरुण मुलींना देताना मी दोनदा विचार करतो. एका पावसाळ्यात रात्री दहाच्या सुमारास एकोणीस वर्षांच्या मुलीला चौघांनी उचलून आणलं. मान एका बाजूला पिळवटलेली, डोळे वर लागलेले, जीभ बाहेर. शुद्ध मात्र पक्की. माझ्याकडे बघून रडत होती. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं, 'भायरचा काय तरी लागला' म्हणून. दुपारी मुतखड्याच्या उलटीसाठी कुठेतरी इंजेक्शन झालं होतं, तेवढं मी विचारून काढलं. फेनरगनचं इंजेक्शन दिलं, वीस मिनिटांत मान सरळ झाली. आजीने त्याच रात्री देवाला नारळ फोडला, आणि माझ्यासाठी दुसऱ्या दिवशी फणस आला. मुद्दा एवढाच, की उलटीच्या औषधानंतर मान, जबडा, डोळे असे वाकडे झाले तर ते औषधाचं आहे, आणि उतारा लगेच मिळतो.

भावाच्या चिठ्ठीत रात्रीची टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅमची कॅप्सूल असेल. ती कळेसाठी नाही. मूत्रवाहिनीचं खालचं टोक सैल करून खडा सुटावा म्हणून. तिच्याबद्दल डॉक्टरांतच मतभेद आहेत. ब्रिटनमधल्या २०१५ च्या मोठ्या चाचणीत औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा काही फरक दिसला नाही. दुसरीकडे, अगदी खालच्या टोकाला असलेल्या ५ मिमीपेक्षा मोठ्या खड्याला फायदा होतो म्हणून युरोपातले यूरोलॉजिस्ट, म्हणजे मूत्रविकारतज्ज्ञ, ती सुचवतात. भावाचा खडा ६ मिमीचा आणि नेमका तिथेच, तेव्हा चार आठवडे घ्यायला हरकत नाही. उठताना चक्कर येते, विशेषतः पहिले काही दिवस. डोलणाऱ्या डेकवर तांडेलाला चक्कर येणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पुरुषांना वीर्य कमी येतं किंवा येत नाही. गोळी थांबली की पूर्ववत होतं. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तो घाबरून गुपचूप कॅप्सूल बंद करेल. घरात कोणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेलं असेल आणि हीच कॅप्सूल घेत असेल, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचंच.

५ मिमीपर्यंतचे खडे तीनांत दोघांचे आपोआप पडतात, ५ ते १० मिमीचे साधारण निम्म्यांचे. त्यामुळे वाट बघणं योग्य आहे, पण चार ते सहा आठवडेच.

ताप. आता या एका गोष्टीवर मी आवाज चढवतो. कुशीत कळ आणि थंडी वाजून ताप, म्हणजे तुंबलेल्या लघवीत पू होतोय. यात घरची सगळी व्यवस्था रद्द. डायक्लोफेनॅकने ताप उतरतो, माणसाला बरं वाटतं, आणि आत जंतू रक्तात पसरत राहतात. यावर औषध पुरत नाही. नळी टाकून किंवा पाठीतून छिद्र करून ती लघवी मोकळी करावी लागते, त्याच दिवशी. ओरोस, कोल्हापूर की बांबोळी, जिथे यूरोलॉजिस्ट आत्ता हजर आहे तिथे आधी फोन, आणि मग १०८. पावसात करूळ घाट बंद आहे का हे निघण्याआधी विचारा, वैभववाडीत पोचल्यावर नको. पावसाळ्यात दुसरीही भीती असते. शेतात चिखलणी करून आलेला माणूस ताप आणि कमरेत, पोटऱ्यांत दुखतंय म्हणून येतो, आणि 'जुना मुतखडा उठला' म्हणून डायक्लोफेनॅक घेतो. तो लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप निघतो. लेप्टोमध्ये किडनी आधीच धोक्यात असते, डेंग्यूत रक्तस्राव. दोन्हीत हे औषध घातक. जून ते ऑक्टोबर, अंगात ताप असेल तर दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल, आणि रक्ततपासणी.

बारा तास लघवीच झाली नाही, सपोझिटरीनंतर तासाभरातही कळ तशीच आहे, पाणीही पोटात ठरत नाही, तर थांबू नका. साठीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अशी कळ आली तर ती मुतखड्याची नसेलही. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटत असू शकते. आणि पोरसवदा मुलगा 'गोळीत दुखतंय' म्हणत असेल तर अंडाचा पीळ आधी बघायचा, कारण तिथे हातात सहाच तास असतात.

घरगुती उपायांचं विचारलं नाहीत, पण विचाराल. कळ चालू असताना चार-पाच लिटर पाणी पाजून खडा 'ढकलायचा' प्रयत्न करू नका. व्हाळाचं उदाहरण आठवा. उलटीच वाढते. बिअरचंही तेच. तहानेपुरतं पाणी, आणि कळ ओसरल्यावर मग भरपूर. कुळथाची पिठी आवडत असेल तर खुशाल खा, मीही खातो. चालू कळेवर ती औषध नाही. पानफुटीनेही मूत्रवाहिनीतला खडा विरघळलेला मी पाहिला नाही. गोळ्यांनी विरघळतो तो फक्त युरिक अॅसिडचा, तोही आठवडे घेऊन. शहाळं चांगलं, पण किडनी कमजोर असलेल्याला त्यातलं पोटॅशियम बाधतं. खरा उपयोगी घरगुती उपाय म्हणजे शेक. गरम पाण्याची पिशवी, नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा, कुशीवर. औषध लागू पडेपर्यंतच्या अर्ध्या तासात त्याने खरोखर फरक पडतो.

बोटीवर जावं का? नाही. वीस-पंचवीस वाव पाण्यात असताना कळ उठली तर बंदर गाठायला कित्येक तास लागतात, आणि सुकाणू त्याच्याच हातात असतं. हंगाम चालू आहे, खलाशांचा पगार अंगावर आहे, मला कळतं. तो ऐकणार नाही हेही कळतं. एक तांडेल असाच गेला होता. त्याने मात्र डोकं लावलं: सपोझिटरीची पट्टी झाकणाच्या डब्यात घालून मासळीच्या बर्फात पुरून ठेवली, आणि डब्यावर 'औषद, खाव नये' असं खडूने लिहिलं. रात्री कळ उठली, ठेवली, सकाळी बंदरात आला. पण त्याचा खडा ४ मिमीचा होता, अंगात ताप नव्हता आणि दुसरा सुकाणू धरणारा बोटीवर होता. तुमच्या भावाने निदान पुढची सोनोग्राफी होईपर्यंत किनाऱ्यावर राहावं. जाळी विणायला माणसं लागतातच.

ती सोनोग्राफी चुकवू नका, कळ पूर्ण थांबली असली तरी. दुखायचं थांबलं म्हणजे खडा पडला असं नाही. कधी किडनी थकते, लघवी कमी बनवायला लागते, दाब उतरतो आणि दुखणं संपतं. एक बागायतदार 'आपोआप बरा झालो' म्हणून सगळा आंबा उरकून पाच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी आले. खडा तिथेच, किडनीची नुसती पिशवी झालेली.

तोपर्यंत भावाला लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करायला सांगा. मोहरीएवढा, तपकिरी, खरखरीत कण मिळाला तर धुऊन, वाळवून कागदाच्या पुडीत बांधून आणा. डेटॉलमध्ये किंवा स्पिरिटमध्ये बुडवून आणू नका. तपासायला तो कोरडाच लागतो.